दोन दगड: आयडाहोच्या रस्त्याकडेला लिहिलेला इतिहास

आजचा भाग दोन दगडांबद्दल आहे.

दोन्ही दगड अमेरिकेत, आयडाहो राज्याच्या दक्षिण टोकाला, युटाच्या सीमेजवळ. सरळ रेषेत मोजलं तर दोघांमध्ये दीडशे किलोमीटरसुद्धा अंतर नाही. दोन्ही 1930 च्या दशकात उभे राहिले आणि दोन्ही बसवणारे लोकही एकाच प्रकारचे. पहिल्यावर लिहिलंय की इथे भयंकर हत्याकांड झालं. ते झालंच नव्हतं. दुसऱ्यावर लिहिलंय की इथे लढाई झाली. ते मात्र हत्याकांड होतं.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रोड ट्रिप केली असेल, तर हे मार्कर तुम्ही पाहिलेच असतील. हायवेच्या कडेला गाडी थांबवायला थोडी जागा, तिथे एक दगड किंवा धातूची पाटी, पाच-सात ओळींचा मजकूर. अमुक साली इथे अमुक घडलं. आपण उतरतो, फोटो काढतो, पुढे निघतो. पाटी खरी की खोटी, हा प्रश्नच मनात येत नाही. दगडावर कोरलेलं कोण कशाला तपासेल?

आधी थोडी पार्श्वभूमी. 1840 नंतर पूर्वेकडून लाखो लोक वॅगनींचे तांडे करून पश्चिमेला निघाले. कोणाला ऑरेगनची जमीन हवी होती, कोणाला कॅलिफोर्नियाचं सोनं. कॅलिफोर्नियाची वाट आयडाहोतल्या एका अजब जागेवरून जायची. उघड्या माळावर ग्रॅनाइटचे उंच सुळके, जणू दगडांचं शहर. नावही तेच पडलं, सिटी ऑफ रॉक्स. नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते की 1852 या एका वर्षात सुमारे 52,000 माणसं इथून गेली. त्यातल्या काहींनी वॅगनच्या आसाला लावायचं काळं ग्रीस बोटावर घेऊन खडकांवर आपली नावं लिहिली. कॅम्प रॉकवर ती अजून दिसतात. तेही एका अर्थी मार्करच, फक्त ज्याने लिहिलं तो स्वतः तिथे हजर होता.

या सिटी ऑफ रॉक्सच्या तोंडाशी आल्मो नावाचं चिमुकलं गाव आहे. आपला पहिला दगड तिथला. त्याचा आकार आयडाहो राज्याच्या नकाशासारखा आहे. मजकूर साधारण असा: 1861 मध्ये इंडियन लोकांनी केलेल्या भयंकर हत्याकांडात मेलेल्यांच्या स्मरणार्थ. पश्चिमेला निघालेले 300 जण. फक्त पाच वाचले. खाली बसवणाऱ्यांचं नाव, आयडाहो पायोनियर्सचे सुपुत्र आणि सुकन्या, आणि साल 1938. ज्यांना इंडियन म्हटलंय ते म्हणजे इथले मूलनिवासी, या भागात मुख्यतः शोशोनी.

दगडामागची गोष्ट एखाद्या सिनेमासारखी आहे. तांडा वेढला गेला, पाणी तोडलं गेलं. लोकांनी वॅगनींचं रिंगण करून आत विहिरी खणायला घेतल्या, पाणी काही लागलं नाही. एका रात्री पाच जण सरपटत निसटले. त्यात एक आई होती, तिने बाळाचे कपडे दातात धरून त्याला ओढत नेलं. ऐकणारा गहिवरणारच.

प्रश्न इतकाच, की हे घडलं होतं का?

युटा विद्यापीठातले इतिहासकार ब्रिगम मॅडसेन यांनी शोशोनी लोकांच्या इतिहासावर आयुष्य घालवलं. 1993 मध्ये त्यांनी या कथेची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत सोपी आहे, आणि मला ती फार आवडते. मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे बग सापडला की पहिला प्रश्न असतो: ही ओळ कोणी लिहिली आणि कधी? मॅडसेननी आल्मोच्या कथेला नेमकं हेच विचारलं.

1861 म्हणजे काही अंधारयुग नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत पोनी एक्स्प्रेसचे घोडेस्वार टपाल घेऊन दौडत होते, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या आरपार जाणारी टेलिग्राफची तार पूर्ण झाली. सॉल्ट लेक सिटीत डेझरेट न्यूज हे वर्तमानपत्र 1850 पासून निघत होतं. वाटेवर दोन-चार माणसं मारली गेली तरी त्याची बातमी व्हायची, सैन्याच्या कागदांत नोंद व्हायची. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1862 मध्ये, स्नेक नदीकाठी झालेल्या हल्ल्यांत 10 प्रवासी मेले. त्याच्या नोंदी आहेत आणि त्या जागेला आज मॅसेकर रॉक्स म्हणतात. मग जवळजवळ 300 माणसं एका ठिकाणी मेली, तर ते वर्तमानपत्रात नाही, सैन्याच्या अहवालात नाही, इंडियन खात्याच्या कागदांत नाही, कोणाच्या डायरीत नाही, हे कसं? कथा छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसते ती 1920 च्या दशकात, एका जुन्या आठवणींच्या पुस्तकात. म्हणजे सहा दशकांहून जास्त काळानंतर! मॅडसेन यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: आल्मोचं हत्याकांड ही दंतकथा आहे.

यात मी अजून एक आकडा जोडतो. जॉन अनरू या इतिहासकाराने या स्थलांतराचा सगळा हिशेब मांडला. 1840 ते 1860 या संपूर्ण काळात, या सगळ्या वाटांवर मिळून, मूलनिवासींच्या हातून मेलेले प्रवासी 362. आणि प्रवाशांच्या हातून मेलेले मूलनिवासी 426. परत वाचा हवं तर. मुळात हिंसेपेक्षा कॉलरा आणि अपघातांनीच जास्त बळी घेतले. आता आल्मोचा दगड म्हणतो की एका तांड्यातले 295 जण एका फटक्यात गेले. वीस वर्षांच्या बेरजेच्या जवळ जाणारा आकडा, आणि त्याची कुठे एक ओळ नाही.

आता दुसऱ्या दगडाकडे वळू. साधारण त्याच अक्षांशावर पूर्वेला गेलं की प्रेस्टन गाव लागतं. त्याच्या जवळून बेअर रिव्हर वाहते. शोशोनी लोक तिला वुडा ओग्वा म्हणतात, अर्थ तोच, अस्वलाची नदी. वायव्य शोशोनींचा एक गट हिवाळ्यात इथे तळ ठोकायचा, कारण जवळ गरम पाण्याचे झरे होते.

1860 च्या सुमारास खोऱ्यात मॉर्मन वसाहती उभ्या राहिल्या. ज्या गवताच्या बियांवर आणि शिकारीवर शोशोनी जगायचे, तिथे नांगर आणि गुरं आली. उपासमार सुरू झाली, गुरं पळवली जाऊ लागली, चकमकी झाल्या, माणसं मेली. 29 जानेवारी 1863 च्या पहाटे कर्नल पॅट्रिक कॉनर कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवक सैनिकांसह सॉल्ट लेक सिटीजवळच्या कॅम्प डग्लसवरून इथे पोहोचला. कैदी पकडण्याचा आपला इरादा नाही, हे त्याने लपवलं नव्हतं. सुरुवातीला शोशोनींनी प्रतिकार केला आणि सैनिकही पडले. पण शोशोनींची काडतुसं संपल्यावर पुढे जे झालं, त्याला लढाई म्हणता येत नाही. बायका, मुलं, म्हातारे, कोणीही सुटलं नाही. मेलेल्यांचा खुद्द कॉनरने दिलेला आकडा 224 होता. इतिहासकारांचे अंदाज 250 पासून 400 च्या पुढे जातात. सैनिक मेले वीसेक. अमेरिकन सैन्याने केलेल्या मूलनिवासींच्या सर्वांत मोठ्या हत्याकांडांत याची गणना होते. पण तेव्हा पूर्वेकडे यादवी युद्ध पेटलेलं होतं, देशाचं लक्ष तिकडे. कॉनरला बढती मिळाली, तो ब्रिगेडियर जनरल झाला.

या जागी 1932 मध्ये स्मारक उभं राहिलं. बसवणाऱ्यांत पुढे होत्या युटा पायोनियर्सच्या सुकन्या. पाटीवर नाव होतं 'बेअर रिव्हरची लढाई'. मजकुरात शोशोनी 'दोषी' आहेत, कारण त्यांनी प्रवाशांवर हल्ले केले. आणि मेलेल्या-जखमींमध्ये सुमारे 90 'लढणाऱ्या स्त्रिया आणि मुलं' आहेत.

इथे क्षणभर थांबा. लढणारी मुलं! पाटी लिहिणाऱ्यांना माहीत होतं की बायका-मुलं मारली गेली, म्हणून तर आकडा दिलाय. पण आकडा पचत नव्हता, म्हणून त्याच्या आधी एक विशेषण बसवलं. गंमत म्हणजे हीच पाटी सांगते की सॅगविच हा सरदार मारला गेल्याचं वृत्त आहे. सॅगविच जखमी झाला होता, पण जगला, आणि त्याचे वंशज आजही आहेत. 1953 मध्ये आणखी एक पाटी लागली. ती कोणासाठी? जखमी आणि थंडीने गारठलेल्या सैनिकांची सेवा करणाऱ्या वसाहतीतल्या बायकांसाठी.

आता दोन्ही दगड शेजारी ठेवून बघा. काल्पनिक गोऱ्या मृतांना 'भयंकर हत्याकांड' हा शब्द मिळाला. खऱ्या शोशोनी मृतांना मिळाला 'लढाई'. आणि या दोन दगडांमध्ये एक धागाही आहे. प्रवाशांवरचे हल्ले हेच तर बेअर रिव्हरचं समर्थन होतं. आल्मोसारख्या कथा खऱ्या मानल्या, तर 1863 ची ती पहाट आपोआप 'त्यांनी केलं म्हणून आपण केलं' अशी वाटू लागते. मी म्हणत नाही की कोणी बसून कट रचला. 1930 च्या दशकात पायोनियरांची पिढी संपत आली होती, मुला-नातवंडांना आपल्या माणसांच्या कष्टांची आठवण ठेवायची होती, आणि मोटारी आल्यामुळे रस्त्याकडेला वाचणारे लोकही मिळाले होते. हेतू साधाच असेल. पण दगड कोण बसवतंय यावरून रडायचं कोणासाठी हे ठरलं.

समाजशास्त्रज्ञ जेम्स लोवेन यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या अशा स्मारकांवर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की प्रत्येक मार्कर दोन काळांबद्दल सांगतो: ज्या काळाबद्दल तो आहे, आणि ज्या काळात तो बसवला.

आता तुमच्यातल्या चौकस लोकांना एक शंका आली असेल. आल्मोची कथा तोंडी आणि उशिरा आलेली म्हणून नाकारायची, तर शोशोनींच्या आठवणीही तोंडीच होत्या ना? शंका रास्त आहे.

सॅगविचचा मुलगा यीगर टिंबिंबू त्या दिवशी साधारण बारा वर्षांचा होता. तो प्रेतांमध्ये निपचित पडून राहिला. कुटुंबात सांगतात की एका सैनिकाने त्याच्यावर बंदूक रोखली, दोघांची नजरानजर झाली, सैनिकाने बंदूक खाली घेतली, पुन्हा रोखली, पुन्हा खाली घेतली आणि निघून गेला. यीगरने हे सगळं नातवंडांना सांगितलं. त्याची नात मे टिंबिंबू पॅरी, जन्म 1919, हिने ते लिहून काढलं आणि आयुष्यभर एकच मागणी लावून धरली: याला लढाई म्हणू नका.

फरक तोंडी आणि लेखी असा नाहीच. यीगरची साक्ष दुसऱ्या पुराव्यांशी जुळते. कॉनरचे स्वतःचे आकडे, वसाहतीतल्या लोकांच्या नोंदी, सगळे त्याच जागेकडे आणि त्याच दिवसाकडे बोट दाखवतात. आल्मोची कथा कशाशीच जुळत नाही. आणखी एक: यीगर तिथे होता हे माहीत आहे. आल्मोच्या त्या पाच जणांचं 1861 मधलं एकही निवेदन नाही. तोंडी इतिहासालाही हेच प्रश्न विचारायचे, कोणी सांगितलं, कधी, आणि दुसरं काय जुळतं?

1990 मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली, आणि अधिकृत नावात 'हत्याकांड' हा शब्द आला. 127 वर्षांनी. 2018 मध्ये वायव्य शोशोनींच्या जमातीने तिथली सुमारे 550 एकर जमीन विकत घेतली. हो, विकत! आपल्या पूर्वजांची हाडं जिथे आहेत ती जमीन, पैसे मोजून. आता तिथे ते जुनी झाडं-झुडपं परत लावत आहेत, नदीकाठ पूर्ववत करत आहेत आणि आपली गोष्ट स्वतः सांगायची तयारी करत आहेत. मे पॅरी 2007 मध्ये गेल्या. जमीन परत आल्याचं त्यांना बघता आलं नाही, पण नाव बदललेलं त्यांनी बघितलं.

मग जुने दगड उखडायचे का? मला विचाराल तर नको. आल्मोचा दगड एका अर्थी खरा पुरावा आहे, 1861 चा नाही, 1938 चा. 1938 मध्ये लोकांना काय खरं वाटायला हवं होतं, ते त्यावर कोरलंय. पण त्याच्या शेजारी हे सांगणारा दुसरा दगड हवा. तो नसेल तर गाडीतून उतरलेलं एखादं शाळकरी पोरगं शोशोनी म्हणजे कोण हे त्या पाच ओळींवरूनच शिकणार. आणि ते पोरगं स्वतः शोशोनी असेल तर?

आपले बरेच श्रोते तिकडे राहतात, सॉल्ट लेक सिटीहून यलोस्टोनला गाडी काढतात. प्रेस्टन काही फार वाट वाकडी करायला लावत नाही. गेलात तर नदीकाठी थोडा वेळ थांबा. आणि कुठलाही मार्कर दिसला की तो खालून वर वाचा. आधी कोणी बसवला, मग कधी बसवला, आणि मगच वर काय लिहिलंय ते.

तुम्ही कुठे असा दगड पाहिला असेल तर फोटो जरूर पाठवा, खालच्या ओळींसकट. भेटू पुढच्या भागात.