रानपिंगळा: ११३ वर्षं बेपत्ता

आज एका छोट्या घुबडाची गोष्ट, आणि एका खोट्या एन्ट्रीची.

रानपिंगळ्याचं शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये ॲलन ह्यूमने केलं. हो, तोच काँग्रेसच्या स्थापनेतला ह्यूम! पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. मग सगळं शांत.

अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात एक नमुना होता. चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं मांडवी. साहजिकच, नंतर शोधणारे मांडवीकडे वळले. हाती काही नाही.

मग अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, त्याचे एक्स-रे काढले. निघालं काय, तर तो डेव्हिडसनचाच पक्षी! ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, आतला कापूस बदलून पुन्हा भरलेला, वर नवी चिठ्ठी. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी जुनी रो कॉपी केली आणि तारीख-लोकेशन बदलून सेव्ह केली. फरक इतकाच, की इथे ओरिजिनलही गायब!

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवी यादीतून काढली आणि फक्त विश्वासार्ह जुन्या जागा धरल्या. आधी पूर्वेकडे शोधलं, दिसला नाही. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. भर उजेडात! हा पठ्ठ्या दिवसा वावरतो.

२०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही सापडला. म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या जंगलात. गेल्या हिवाळ्यात मी तिथे गेलो. दोन तास चालल्यावर गाइडदादांनी नुसता हात वर केला. सागाच्या फांदीवर मूठभर पक्षी, शेपूट डावी-उजवी झटकत. "डोकं बघा," दादा कुजबुजले. नेहमीच्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं जवळजवळ कोरं. छाती गडद, पोट पांढरं.

कुणीतरी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायला निघालं, तर दादांनी फोनच खाली करायला लावला. विणीच्या काळात पक्षी त्यावर चवताळून येतो आणि घरटं मागे राहतं. हा अंडी घालतो ती मोठ्या झाडांच्या ढोलीत, आणि तशी झाडं कमी होत चाललीत. शिवाय नेमकी जागा पसरली की कॅमेऱ्यांची रांग लागते.

फोटो मी ग्रुपवर टाकला. लोकेशन काढून.