फॉगचा जास्तीचा दिवस आणि नागपूरची दुपार

बऱ्हाणपूर मागे पडले आहे. सातपुड्याच्या रांगा रात्रीतच ओलांडल्या गेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आगगाडीच्या डब्यात सर फ्रान्सिस क्रोमार्टी नावाचा इंग्रज सेनाधिकारी समोरच्या फ्रेंच नोकराला वेळ विचारतो. नोकर खिशातले घड्याळ काढून सांगतो, पहाटेचे तीन. बाहेर तर लख्ख उजाडलेले! पासपार्तूचे हे वडिलोपार्जित घड्याळ लंडनच्या वेळेवर लावलेले आहे आणि त्याचे काटे हलवायला तो काही केल्या तयार नाही. क्रोमार्टी त्याला समजावतो : पूर्वेकडे जाताना प्रत्येक अंशामागे दिवस चार मिनिटांनी आखूड होतो, म्हणून नव्या रेखावृत्तावर घड्याळ नव्याने लावले पाहिजे. पासपार्तू ऐकत नाही. साऱ्या कादंबरीचा शेवट या हट्टावर टांगलेला आहे, हे पहिल्या वाचनात कुणाच्याही ध्यानात येत नाही.

ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात पॅरिसच्या ‘ल ताँ’ या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. कथेतील फिलियास फॉग वीस हजार पौंडांची पैज लावून २ ऑक्टोबर १८७२ रोजी लंडनहून निघतो आणि २१ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊला त्याला परत क्लबात हजर व्हायचे असते. कथेतल्या तारखा आणि वाचकाच्या हातातल्या वर्तमानपत्राच्या तारखा जवळजवळ बरोबरीने धावत होत्या. आज हे पुस्तक ‘बालवाङ्मय’ म्हणून कपाटात जाते. त्या वर्षी ते ताज्या बातमीसारखे वाचले गेले.

आता त्या डब्यातला हिशेब तपासून पाहावा. व्हर्न सांगतो की गाडी तेव्हा ग्रीनिचपासून सुमारे ७७ अंश पूर्वेला होती आणि पासपार्तूचे घड्याळ चार तास मागे होते. महाराष्ट्राच्या आठवीच्या भूगोलाचा पहिलाच पाठ ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ हा आहे. तो ज्याने वाचला, त्याला इथे अडखळायलाच हवे. ७७ गुणिले चार म्हणजे ३०८ मिनिटे, अर्थात पाच तास आठ मिनिटे. तीनात तेवढे मिळवले तर आठ वाजून आठ मिनिटे होतात. आणि कादंबरीत तर रूळ संपल्यामुळे गाडी थांबते ती आठ वाजता, या संभाषणानंतर. प्रति अंश चार मिनिटे हा नियम त्याच उताऱ्यात पात्राच्या तोंडी घालूनही लेखकाचा गुणाकार चुकला. विज्ञानाच्या काटेकोरपणाबद्दल ख्याती असलेल्या लेखकाची चूक आठवीतल्या मुलाने पाटीवर पकडावी, याहून चांगला गृहपाठ कोणता असेल?

७७ अंशांची ती रेषा नकाशावर बोट ठेवून खाली आणली तर ती थेट अकोल्यावर येते. नागपूर तिथून आणखी दोन अंश पूर्वेला, ७९ अंश ५ मिनिटांवर. म्हणजे व्हर्नच्या या विज्ञानपाठासाठी विदर्भातील वर्गाला परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही. नागपूरचा सूर्य ग्रीनिचच्या सूर्यापुढे सुमारे ५ तास १६ मिनिटे असतो. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, साडेपाच तासांची. फरक साधारण चौदा मिनिटांचा. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा नागपुरात सरासरी हिशेबाने अजून पावणेबाराच वाजलेले असतात. ही चौदा मिनिटे कुठे गेली, हा प्रश्न भूगोलाचा तसा इतिहासाचाही आहे.

फॉग मुंबईत उतरला (कथेत २० ऑक्टोबर) तेव्हा भारतात ‘एक वेळ’ नावाची गोष्टच नव्हती. मुंबई स्वतःच्या सूर्यावर चाले, कलकत्ता स्वतःच्या. दोहोंत तासाभराहून अधिक अंतर. आगगाडीला मात्र गावागणिक बदलणारी वेळ परवडत नाही. एकाच रुळावर दोन गाड्यांची दोन घड्याळे असली की अपघात ठरलेलाच. म्हणून १८७०च्या दशकापासून बहुतेक रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागल्या. मद्रासला जुनी वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता येत होती, आणि मद्रासचे रेखावृत्त मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध पडत होते. या व्यवस्थेत नागपूरची गंमत अशी की मद्रासचा रेखांश ८० अंश १५ मिनिटांच्या आसपास, म्हणून रेल्वेचे घड्याळ आणि नागपूरचा सूर्य यांत जेमतेम पाच मिनिटांचे अंतर राहिले. मुंबईत तेच अंतर अर्ध्या तासाचे होते.

अर्धा तास ही लहान गोष्ट वाटते. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादली, तेव्हा शहराने इतकी नाराजी दाखवली की १८८३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाण वेळ लागू झाली आणि तोच वाद पुन्हा पेटला. या वेळी तर फरक ३९ मिनिटांचा होता. गिरणी कामगारांच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता : घड्याळाचा काटा पुढे सरकवून त्यांना अधिक अंधारात कामावर बोलावले जात होते. त्यांनी निषेध केला. वंगभंगाच्या चळवळीने वातावरण आधीच तापलेले, आणि त्यात सरकारने सूर्यालाही वळण लावायला घेतले, अशी लोकभावना होती. मुंबई महानगरपालिकेने आपली घड्याळे ‘मुंबई टाइम’वरच ठेवली, ती प्रथा १९५५ पर्यंत टिकली. एकाच शहरात स्टेशनावर एक वेळ आणि पालिकेच्या घड्याळात दुसरी! पासपार्तूचा हट्ट विनोदी वाटतो तो कादंबरीत. मुंबईचा हट्ट राजकीय होता.

व्हर्नची दुसरी चूक नागपूरकरांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. कथेत गाडी ‘खोल्बी’ नावाच्या खेड्याशी थांबते. पुढे अलाहाबादपर्यंत रूळच टाकलेले नाहीत असे कळते. फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो, जंगलातून वाट काढतो, आणि वाटेत सती जाण्यापासून औदा नावाच्या पारशी तरुणीची सुटका होते. (पारशी घरातली मुलगी बुंदेलखंडच्या राजाची विधवा कशी झाली, हे व्हर्न दोन वाक्यांत उरकतो.) हत्ती नसता तर औदा भेटली नसती आणि कथेला हृदय उरले नसते. पण १८७२ मध्ये हत्तीची मुळीच गरज नव्हती. मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपूरला जोडला जाऊन ७ मार्च १८७० रोजी रीतसर उद्घाटन झाले होते. फॉगला डब्यातून न उतरता कलकत्ता गाठता आले असते. व्हर्नने जुन्या माहितीवर भिस्त ठेवली की हत्तीच्या मोहाने रूळ उखडले, हे कोडेच आहे. कथाकार म्हणून त्याने केले ते योग्यच केले.

आणि नागपूर? भुसावळहून फुटलेला फाटा अकोला, बडनेरा, वर्धा करीत १८६७ मध्ये नागपुरात पोहोचला होता. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि पाठोपाठ राजधानीला रेल्वे आली. तिच्या येण्यामागचे मोठे कारण म्हणजे वऱ्हाड आणि हिंगणघाटचा कापूस. परंतु नागपूर तेव्हा मार्गाचे शेवटचे टोक होते; पूर्वेकडे जाणारा प्रवासी इथे येऊन अडकला असता. छत्तीसगडच्या दिशेने रूळ पुढच्या दशकात सरकले आणि बंगाल-नागपूर रेल्वेने १८९१ मध्ये नागपूर व आसनसोल जोडले. पैज वीस वर्षांनी लागली असती तर फॉगची गाडी सीताबर्डीच्या किल्ल्याजवळून गेली असती.

व्हर्नच्या आणि विदर्भाच्या नात्याचा आणखी एक धागा आहे, आणि तो फारसा कुणी उलगडत नाही. रेखांश आणि अक्षांश कागदावर येण्याआधी कुणीतरी जमीन मोजावी लागते. विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली, आणि पुढे त्याची त्रिकोणांची साखळी ७८ अंशांच्या रेखावृत्ताला धरून उत्तरेकडे सरकत राहिली. टेकडीवर, गोपुरावर, किल्ल्याच्या बुरुजावर थिओडोलाइट चढवायचे, दूरच्या दोन खुणांमधला कोन मोजायचा, एका ज्ञात बाजूवरून त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू काढायच्या, आणि मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. शाळेतली भूमितीच, फक्त फळा हजार मैलांचा. जंगलातला ताप मात्र शाळेत नसतो. वीस वर्षे हे काम करून थकलेला लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला. त्याची कबर तिथेच आहे. पृथ्वीचा आकार ठरवण्यात ज्याचा एवढा वाटा, तो माणूस वर्धा जिल्ह्यात चिरनिद्रा घेत आहे, हे विदर्भातील किती शाळांत सांगितले जाते?

लॅम्बटनचे काम त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे नेले. जगातील सर्वोच्च शिखराला त्याचे नाव मिळाले, हे सर्वांना ठाऊक. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की ज्या १८७२ मध्ये फॉगची कथा आली, त्याच वर्षी व्हर्नची दुसरी एक कादंबरी आली : दक्षिण आफ्रिकेत रेखावृत्ताचा कंस मोजणाऱ्या तीन रशियन व तीन इंग्रज शास्त्रज्ञांची. तिच्यातल्या इंग्रज तुकडीच्या प्रमुखाचे नाव आहे कर्नल एव्हरेस्ट! एका कादंबरीत रेखावृत्त मोजणारी माणसे, दुसरीत रेखावृत्ते ओलांडणारा माणूस. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे व्हर्नला त्या वर्षी कशाने झपाटले होते ते कळते.

फॉग पूर्वेकडे निघाला, म्हणून प्रत्येक अंशामागे त्याला चार मिनिटे मिळत गेली. ३६० अंशांचे १४४० मिनिटे, म्हणजे बरोबर एक दिवस. त्याने ऐंशी सूर्योदय मोजले, लंडनकरांनी एकोणऐंशी. १८० अंश ओलांडताना प्रशांत महासागरावर तारीख एकाने मागे न्यायला हवी होती. ती नेली नाही, म्हणून हरलो असे समजून घरी बसलेला फॉग प्रत्यक्षात एक दिवस आधी पोहोचला होता. उलट्या दिशेचा अनुभव मानवजातीने ३५० वर्षांपूर्वीच घेतला होता. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले खलाशी पश्चिमेकडून पृथ्वीला वळसा घालून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्डे बेटांवर आले. त्यांच्या नोंदवहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पिगाफेट्टा रोज न चुकता नोंद करीत असे. दिवस हरवला कुठे, या कोड्याने तो चक्रावून गेला. एडगर अॅलन पोने १८४१ मध्ये याच कल्पनेवर ‘एका आठवड्यात तीन रविवार’ ही गोष्ट रचली होती. कादंबरी गाजल्यावर वाचकांच्या शंका इतक्या वाढल्या की एप्रिल १८७३ मध्ये पॅरिसच्या भूगोल संस्थेत व्हर्नला याच विषयावर बोलावे लागले.

तरीही कथेची शिवण एका जागी उसवतेच. फॉग सॅन फ्रान्सिस्कोत उतरतो, अमेरिका रेल्वेने पार करतो, न्यूयॉर्कला बोट चुकल्याचे पाहतो. एवढ्या आठवड्याभरात एकही वर्तमानपत्र, एकही वेळापत्रक त्याला खरी तारीख दाखवीत नाही! घड्याळासारखा नेमस्त फॉग एवढेच पाहायचे विसरला. शिवाय ग्रीनिच हे सर्व जगाचे मूळ रेखावृत्त ठरले ते पुढे, १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत. त्या मतदानात फ्रान्स तटस्थ राहिला आणि पॅरिसची वेळ त्याने १९११ पर्यंत सोडली नाही. मुंबईच्या हट्टाला तशी थोर संगत होती.

मराठीत व्हर्न आला तो शाळेच्या बाहेरून. १९०० मध्ये कोचीहून निघणाऱ्या ‘केरळकोकिळ’ या मराठी मासिकात कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी त्याची चंद्रप्रवासाची कादंबरी क्रमशः दिली. पुढे ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी ‘चंद्रावर स्वारी’सारख्या रूपांतरांतून त्याला मराठी मुलांच्या घरात आणले. शाळेत मात्र गोष्ट भाषेच्या तासाला राहिली आणि रेखांश भूगोलाच्या. पासपार्तूचे घड्याळ दोन्ही तासांत मावते, पण दोन्ही तासांना ते एकत्र उघडणारा शिक्षक विरळा.

नागपुरात या प्रयोगाला साहित्यही फारसे लागत नाही. झीरो माइलचा १९०७चा दगड त्याच महासर्वेक्षणाच्या परंपरेतला आहे. तो देशाचा मध्यबिंदू दाखवतो असे सर्रास सांगितले जाते. मुळात तो समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवणारा संदर्भबिंदू आहे. त्याच्या आसपासच्या कोणत्याही शाळेच्या मैदानात एक सरळ काठी रोवावी आणि सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते पाहावे. सरासरी उत्तर १२ वाजून १४ मिनिटे. पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास तीच दुपार १२ वाजून २८ मिनिटांपर्यंत लांबते आणि नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजण्याच्या दोन-तीन मिनिटे आधीच होऊन जाते. मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या सुमारास, नागपूरचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुंध्यातच नाहीशी होते. त्या दिवशी शाळांना सुट्टी असते.