तिरळेपणाची शस्त्रक्रिया, भूल आणि मुलाच्या हृदयाचे ठोके

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला जातो, तेव्हा मुलाच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, क्वचित काही सेकंद थांबतातही. वाचून घाबरू नका. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस आणि हृदयाचा वेग कमी करणारी व्हेगस नस यांच्यातली ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून डॉक्टरांना माहीत आहे. लहान मुलांमध्ये ती मोठ्यांपेक्षा जास्त दिसते.

त्यामुळे भूलतज्ज्ञ सुरुवातीपासून ईसीजीवर नजर ठेवतात. ठोके उतरले की आधी सर्जनला हात थांबवायला सांगतात. स्नायूवरचा ताण सुटला की बहुतेक वेळा ठोके लगेच पूर्ववत होतात. नाही झाले तर शिरेतून ॲट्रोपीन देतात. काही भूलतज्ज्ञ ते आधीच देऊन ठेवतात. भूल उथळ असेल किंवा ऑक्सिजन कमी पडला तर ठोके आणखी मंदावतात, म्हणून श्वासाकडेही तेवढेच लक्ष असते.

तुमचे काम खरी माहिती देण्याचे. मूल धावताना किंवा दचकल्यावर कधी बेशुद्ध पडले आहे का? घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले आहे का? असे असेल तर लाँग क्यूटीसारखा आनुवंशिक दोष तपासण्यासाठी आधी ईसीजी काढतात आणि भुलीची काही औषधे टाळतात. चालू असलेली औषधेही सांगा. तारीख पुढे जाईल म्हणून सर्दी-ताप लपवणारे पालक भेटतात. तसे करू नका. तिरळेपणाची शस्त्रक्रिया सहसा काही आठवडे थांबू शकते.