डहाणूची नदी आणि जपानी खेळांची किल्ली

जुना जपानी खेळ इंग्रजीत आणणाऱ्या हौशी मंडळींपुढे पहिली अडचण भाषेची नसते. खेळाच्या चिपमध्ये मजकूर सापडतच नाही. तिथे नुसते आकडे असतात आणि कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे कंपनीने कुठे लिहून ठेवलेलं नसतं. तो शोधायची एक युक्ती आहे. पडद्यावर ‘साकुरा’ हा शब्द दिसतो असं धरा. जपानी वर्णक्रमात सा अकरावा, कु आठवा, रा एकोणचाळिसावा. म्हणजे आधी तीन घरं मागे, मग एकतीस घरं पुढे. सा चा आकडा कितीही असो, हे अंतर बदलत नाही. अख्ख्या चिपमध्ये ‘उणे तीन, अधिक एकतीस’ अशी उडी शोधायची. तीन अक्षरांवर चुकीच्या जागाही हाती लागतात, म्हणून लांब वाक्य घेतात. एकदा जागा सापडली की सगळा तक्ता उलगडतो.

ही युक्ती चालते कारण प्रोग्रामरने अक्षरं बहुतेक वेळा वर्णक्रमाने मांडलेली असतात. तो क्रम आला कुठून, हे पाहताना मी थक्क झालो. आ इ उ ए ओ अशी प्रत्येक ओळ, आणि ओळींची आद्याक्षरं का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. डहाणूजवळच्या तलासरीत पहिलीतलं पोरही म्हणेल की ही आपली बाराखडी आहे.

आणि ती खरंच आपली आहे. क-च-ट-त-प शी लावून पाहा. क जागच्या जागी. ट-वर्ग गायब, कारण जपानीत मूर्धन्य ध्वनी नाहीत. त च्या पाठोपाठ त्याच वर्गाचा न. शेवटी य, र, व. अडतं ते दोनच ठिकाणी: च च्या जागी स, आणि प च्या जागी ह. पण प्राचीन जपानीत हा ह मुळात प होता, हे आता सर्वमान्य आहे, आणि त्याच्या मागे ओष्ठ्य म बसला आहे तो म्हणूनच. त्या काळचा स च-त्स च्या जवळचा होता, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. भिक्षूंनी उच्चार ऐकून अक्षरं त्या त्या घरात बसवली. पुढे उच्चार बदलले, घरं तीच राहिली.

बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू 736 साली जपानला पोचला, 752 मध्ये नारा इथल्या महाबुद्धाचे डोळे त्याच्या हातून उघडले गेले, आणि हा वर्णक्रमही त्यानेच दिला, असं आपल्याकडे उत्साहाने सांगतात. मला ते पटत नाही. या तक्त्याचे सर्वांत जुने ज्ञात नमुने अकराव्या शतकाच्या सुरुवातीचे आहेत आणि त्यांत ओळींचा क्रमही ठरलेला नव्हता. मध्ये जवळजवळ तीन शतकं जातात. खरा धागा जपानी भिक्षू कूकाईचा. 806 मध्ये तो चीनहून परतला तो संस्कृत मंत्रांच्या लिपीसह, आणि चिनी राजधानीत त्याला शिकवणाऱ्यांत प्रज्ञ हा भारतीय भिक्षू होता. त्या लिपीच्या अभ्यासाला जपानीत ‘शित्तान’ म्हणतात. त्याच अभ्यासपरंपरेतल्या म्योगाकू या भिक्षूने अकराव्या शतकाच्या अखेरीस हा क्रम भारतीय वर्णमालेच्या वळणावर आणला.

दुसरा पक्ष म्हणतो की हा तक्ता चिनी अक्षरांचे उच्चार दोन तुकड्यांत फोडून सांगण्याच्या पद्धतीतून निघाला. त्यांचं अर्धं म्हणणं मान्य करू: तक्त्याची गरज तिथून आली असेल. पण त नंतर न आणि ह नंतर म का, याचं उत्तर त्या पद्धतीत नाही. ते क-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग पाठ असलेल्या माणसाकडेच असतं.

शित्तान म्हणजे ‘सिद्धम्’. लिपीला असं नाव का? इत्सिंग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकात भारतात राहून गेला. तो लिहितो की इथली मुलं सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाचा पाठ घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. त्यात 49 अक्षरं. पाटीवरचा पहिला शब्द हा, म्हणून पाठाचं नाव तेच आणि लिपीचंही. आपला ‘ओनामा’ याच घरातला: ‘ॐ नमः सिद्धम्’ चं मुलांच्या तोंडी झालेलं रूप. जैन अभ्यासक यात सिद्धांना केलेलं वंदन पाहतात. कातंत्र व्याकरणाचे अभ्यासक म्हणतात की त्या ग्रंथाचं पहिलं सूत्रच ‘सिद्ध’ शब्दाने सुरू होतं आणि वर्णमालेविषयी बोलतं. हे व्याकरण शर्ववर्म्याने सातवाहन राजासाठी रचलं अशी कथा आहे. माझं मत असं की शब्द या सगळ्यांहून जुना आहे. दगडावर, पाटीवर, कशावरही लिहायला घेताना शुभ म्हणून तो आधी येई, आणि प्रत्येक पंथाने त्याला आपला अर्थ दिला.

याचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा नाशिकला, पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा तिथला ब्राह्मी लेख साधारण 1900 वर्षांपूर्वीचा. त्याचा पहिला शब्द ‘सिद्धम्’. त्याच लेखात, त्याने ज्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या त्यांची नावं आहेत: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा, दाहनुका. दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची. आजची तलासरी या दोन पाण्यांच्या मधल्या पट्ट्यात. डहाणूचं नाव आणि जपानला गेलेल्या लिपीचं नाव एकाच दगडावर! लेखातलं सिद्धम् हे मंगलवचन आहे, वर्णमालेचं नाव नव्हे, हे खरं. पण लेणं भिक्षूंना दान दिलेलं आहे, आणि भिक्षूंच्याच पाटीवरून हा शब्द चीनमार्गे जपानला गेला. दोन्ही टोकं जुळवायला मला एवढं पुरतं.

तिथून खेळांपर्यंतचे टप्पे माहितीतले आहेत. 1983 साली युजी होरीईने कोबे शहरातल्या खुनाच्या तपासाचा ‘पोर्टोपिया’ हा खेळ केला. 1985 मध्ये तो फामिकॉम या घरगुती खेळयंत्रावर आला तेव्हा टंकून द्यायचे हुकूम जाऊन यादीतून निवडायचे चौदा हुकूम आले. पाठोपाठ 1986 चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’, तोही होरीईचाच. चिपमध्ये जागा इतकी तुटपुंजी की काताकाना लिपीची जेमतेम वीसेक अक्षरं ठेवली आणि राक्षसांची नावं तेवढ्यातच बसवली. खेळ जिथे थांबवला तिथून पुन्हा सुरू करायला वीस अक्षरांचा मंत्र लागे. पोरं तो वहीत उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्णक्रमाच्या तक्त्यातून एकेक अक्षर वेचून भरत. त्या मंत्राचं जपानी नाव पुनरुज्जीवनाचा मंत्र असं होतं, आणि ज्या लिपीचा क्रम मंत्रांसाठी समुद्रापार गेला, तिच्याच क्रमातून तो वेचला जावा याचं मला फार अप्रूप आहे. 1989 च्या अमेरिकी आवृत्तीत मंत्र काढून चिपला बॅटरी जोडली गेली.

हौशी अनुवादांचं युग त्यानंतरचं. नेदरलँड्समधल्या ओअॅसिस गटाने 1993 मध्ये ‘एसडी स्नॅचर’ इंग्रजीत आणला, आणि 2008 मध्ये ‘मदर 3’ हौशींनीच पुरा केला. अशा अनुवादांत जपानी तक्ता निघून एबीसीडी येते.

मराठी अनुवाद झाला तर तो तक्ता काढावा लागणार नाही, स च्या घरी च आणि ह च्या घरी प परत आणायचा, आणि गायब झालेला ट-वर्ग भरायचा. अडचण वेगळी आहे: फामिकॉमचं अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात बसतं, आणि आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरं त्या चौकोनात मावत नाहीत. उपाय म्हणून मी सुचवेन की अक्षर वरच्या-खालच्या दोन चौकोनांत मोडावं, शिरोरेषा नि मात्रा वर, बाकीचं खाली. चिपमधली जागा दुप्पट जाईल, आणि तेव्हा होरीईसारखं मोजक्या अक्षरांत नावं बसवायची कसरत आपल्यालाही करावी लागेल.