टांगा की तांगा?

घोड्याच्या दुचाकी गाडीला आपण टांगा म्हणतो. भोपाळचा हिंदी भाषक तिला बहुधा तांगा म्हणतो. सोनागिरीतील आपल्या घरांत हे दोन्ही उच्चार नांदतात. आजोबांच्या तोंडी ‘ट’, नातवंडांच्या तोंडी ‘त’. आणि नातवंडांचा उच्चार सुधारण्याची आपल्याला घाई असते. तत्पूर्वी या शब्दाचा प्रवास पाहणे इष्ट ठरेल.

इंग्रजांनी तो ‘टोंगा’ या रूपात उचलला. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात त्याची नोंद आहे. विल्यम क्रुक यांनी संपादिलेल्या १९०३ च्या आवृत्तीत त्याचे मूळ संस्कृत ‘तमङ्ग’, म्हणजे मंच, असे सुचविले आहे. ही व्युत्पत्ती मान्य केल्यास ‘त’ मूळचा ठरतो. मराठी कानाला मात्र टांगा म्हणताच ‘टांग’ आणि ‘टांगणे’ आठवते. मागे तोंड करून बसलेल्या उतारूचे पाय लोंबकळत असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही लोकव्युत्पत्ती सहज पटावी.

इतर वाहनांची नावे याहून निराळ्या वाटेने आली. एक्क्याला एका घोड्यावरून नाव मिळाले, टमटम हा इंग्रजी ‘टँडम’चा अपभ्रंश असावा, मुंबईच्या चारचाकी व्हिक्टोरियाला राणीचे नाव लाभले. टांग्याच्या नावात मात्र, मंच म्हणा वा टांगणे म्हणा, बसणाऱ्याची जागाच सांगितलेली आहे.

१९०३ साली कालका-शिमला रेल्वे सुरू होईपर्यंत शिमल्याला जाणारा प्रवासी टांग्यानेच डोंगर चढे. टांगा आणि मोटारबस यांची झुंज ‘नया दौर’ (१९५७) या चित्रपटाने अमर केली. त्याचे बरेचसे बाह्यचित्रण भोपाळजवळच्या बुधनीत झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. सचिवालयाबरोबर नागपूरहून, तसेच ग्वाल्हेर-इंदूरहून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. पुढे पिपलानीच्या विद्युत कारखान्यानेही मराठी माणसे आणली. म्हणजे पडद्यावर टांगा बसशी झुंजत होता, त्याच सुमारास आपली घरे या गावात रुजत होती.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तेथील व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्यावरून वाहन जाते. शब्द मात्र मागे राहतो. ‘टांगा पलटी, घोडे फरार’ असे आजची तरुण मुलेही म्हणतात, मग टांग्यात कधी पाऊल ठेवलेले नसले तरी चालते.

म्हणून नातवाच्या ‘तांगा’ला आपण चूक म्हणू नये. ते त्याच्या गावाचे रूप आहे, आणि व्युत्पत्तीच्या दरबारात त्याची बाजू दुबळी नाही. मात्र मराठी बोलताना त्याच्या तोंडी ‘टांगा’ यावा, एवढी दक्षता आपल्याच घरांना घ्यावी लागेल. ती येथे दुसरे कोणी घेणार नाही.