साधन अस्सल, पण कोणत्या प्रश्नासाठी?
बीबी का मकबरा शहजादा आझमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधला, असे छत्रपती संभाजीनगरवरच्या मजकुरात सर्रास लिहिले जाते. आझमचा जन्म १६५३चा. त्याची आई दिलरस बानू बेगम १६५७मध्ये वारली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. मकबरा १६६१च्या सुमारास पुरा झाला, तेव्हा फार तर आठ. बांधकामाचा काळ १६५१ ते १६६१ असाही छापला जातो, म्हणजे स्मारकाची सुरुवात बेगमेच्या हयातीतच होते. या चुका साधनांच्या दुष्काळातून आलेल्या नाहीत. साधने आहेत, पण कोणते साधन कशाची साक्ष देते हे न पाहताच ती वापरली जातात. प्रवेशद्वारावरचा लेख अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावे देतो. रचना आणि उभारणी कोणाची, एवढे तो सांगतो. पैसा कोणाचा, हे नाही. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’तला ६,६८,२०३ रुपये ७ आण्यांचा आकडा खर्चापुरता. जवाहिऱ्या तावेर्निये याने संगमरवर वाहणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या पाहिल्या, त्यांतल्या लहानातल्या लहान गाडीला बारा बैल होते. आणि हे काम औरंगजेब आपल्या बेगमेसाठी करतो आहे, असे तो नोंदवतो. गाड्यांची गोष्ट त्याने डोळ्यांनी पाहिलेली, बांधणाऱ्याचे नाव ऐकीव. तरीही ते त्या काळातले ऐकीव आहे आणि आझमच्या वयाशी त्याचा मेळ बसतो, म्हणून मी औरंगजेबाकडेच झुकतो.

यावर आक्षेप येईल की परंपरा उगीच निर्माण होत नाही. आझमने पुढे डागडुजी केली असेल, किंवा काम त्याच्या नावाने निघाले असेल. शक्य आहे. पण डागडुजी हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल. लोकपरंपरा एवढेच सिद्ध करते की वास्तूला आझमचे नाव चिकटले.

मलिक अंबरच्या बाबतीत हीच गल्लत अधिक जाचक ठरते. १६१०मध्ये खडकी वसवून या शहराचा पाया घालणाऱ्या, खापरी नळांतून त्याला पाणी पुरवणाऱ्या या माणसाच्या चरित्राशेजारी चित्रकार अबुल हसनचे चित्र छापले जाते: मुघल बादशहा जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर रोवलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. असे काही कधी घडलेच नाही. अंबर १६२६मध्ये वृद्धापकाळी नैसर्गिक मृत्यूने गेला. जहांगीरच्या मनातली चडफड समजून घ्यायला या चित्रासारखे साधन नाही. अंबरचे आयुष्य सांगायला ते निरुपयोगी आहे. त्याच्या शहराबद्दल विचारायचे तर त्या खापरी नळांच्या पाणीयोजनेकडे, नहर-ए-अंबरीकडे, जावे लागते.

अंबरविषयीचे बरेचसे समकालीन लेखन मुघल दरबारातले आहे, ते टाकले तर हाती काय उरेल, हा प्रश्न रास्त आहे. ते टाकू नये, प्रत्येक विधानामागचा हेतू तपासावा. जहांगीर आत्मचरित्रात अंबरला शिव्या घालतो. त्यातून अंबरचा कारभार कळत नाही, बादशहाचा संताप कळतो. उलट त्याच दरबारातला मुतमद खान अंबरच्या मृत्यूची नोंद करताना युद्धात आणि राज्यकारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असे लिहितो. शत्रूची ही स्तुती लिहिणाऱ्याच्या पदरात काही टाकणारी नव्हती, म्हणूनच अंबरच्या कर्तृत्वाविषयी ती साक्ष मला त्या चित्रापेक्षा कितीतरी वजनदार वाटते.