हरिहरचा जिना

जिना म्हणजे चढणाऱ्याची सोय, अशी सर्वसाधारण समजूत असते. घरांतील जिना काय, देवळाच्या पायऱ्या काय किंवा नदीचा घाट काय, माणसाचे श्रम हलके व्हावेत एवढ्याचसाठीं पाथरवटानें आपली छिन्नी चालविलेली असते. नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकच्या डोंगररांगेंत मात्र एक असा जिना आहे, कीं ज्याच्या प्रत्येक पायरींत सोय आणि अडचण या दोहोंचा सारखाच विचार केलेला दिसतो. हरिहर किल्ल्याचा हा जिना होय. आज शनिवार-रविवारच्या सुटींत हौसेनें डोंगर चढणाऱ्यांचें तें एक आवडतें ठिकाण झालें आहे. पण हौसेसाठीं तो कोरला गेला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें मर्म उमगावयाचें नाहीं.

प्रथम डोंगराची घडण पाहिली पाहिजे. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. या थरांपैकीं कांहीं कठीण, तर कांहीं मऊ. पावसानें मऊ थर झिजून त्यांचे उतार बनले आणि कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपानें उरले. म्हणूनच सह्याद्रींत आधीं झाडी-गवताचा उतार, मग सपाट पदर आणि मग एकाएकीं उभा कातळ, असा क्रम वारंवार भेटतो. हरिहर, ज्यास हर्षगड असेंही म्हणतात, सुमारें 3,676 फूट उंच आहे. आणि त्याचा माथा अशाच एका त्रिकोणी कातळावर बसविल्यासारखा दिसतो.

शनिवारीं रात्रीं मुंबईहून वा पुण्याहून निघालेली मंडळी रविवारीं सकाळीं निरगुडपाडा किंवा हर्षेवाडी या पायथ्याच्या गांवीं येते. तेथून पदरापर्यंतची चाल इतर कोणत्याही डोंगरासारखीच. परंतु कातळाच्या तळाशीं आलें, कीं चालणें संपतें आणि हातापायांनीं चढणें सुरू होतें. समोर कड्याच्या अंगांतच खोदलेल्या पायऱ्यांची एक सरळ, उभी ओळ असते. पायरी एका माणसापुरती रुंद. तिच्या दोन्ही बाजूंस हाताचीं बोटें रुततील अशा खोबण्या. वर पहिला दरवाजा. त्यांतून आंत गेल्यावर कातळाच्या पोटांत कोरलेली एक अरुंद वाट लागते. डोक्यावर कडा इतका खालीं आलेला, कीं वांकूनच पुढें सरकावें लागतें आणि बाहेरच्या अंगास दरी मोकळी असते. त्यापुढें पुन्हां पायऱ्यांची दुसरी ओळ, आणि ती संपतां संपतां अंग चोरून जावें लागेल असें तोंड. मग कुठें माथ्यावरचें आभाळ दिसतें. तेथें पाण्याचीं टाकीं, मारुतीचें व महादेवाचें स्थान आणि ज्यांत खिडकीएवढ्या दारांतून शिरावें लागतें असें एक दगडी कोठार आहे.

या वाटेकडे शिपायाच्या नजरेनें पाहिलें म्हणजे तिची रचना उलगडत जाते. पायरी एकाच माणसापुरती असल्यामुळें शत्रूची फौज कितीही मोठी असली, तरी तिला येथें एकेकट्यानेंच यावें लागे. खोबण्यांत दोन्ही हात गुंतलेले. म्हणजे तरवार उपसावयास हात मोकळा नाहीं. दरवाजापुढच्या वांकणाऱ्या वाटेवर तर धांवून जाणें अशक्यच. उलट वर बसलेल्या पांचदहा माणसांस दगड लोटण्यापलीकडे फारसें कांहीं करावें लागत नसे. तरीही गडाच्या शिबंदीस दाणागोटा वर नेतां यावा, एवढी सोय त्याच पायऱ्यांनीं राखली होती. आपल्या माणसास पुरेल आणि परक्यास पुरणार नाहीं, असें हें माप पाथरवटांनीं कातळांत बसविलें. त्या पाथरवटांपैकीं एकाचेंही नांव इतिहासांत नाहीं.

किल्ला यादवकाळांतील मानला जातो. 1636 सालीं शहाजीराजांस जे किल्ले मोगल सरदार खानजमान याच्या स्वाधीन करावे लागले, त्यांत त्र्यंबकबरोबर हरिहरही होता. 1670 मध्यें मोरोपंत पिंगळ्यांनीं तो स्वराज्यांत आणला. पुढें पेशवाईच्या अखेरीस, 1818 च्या एप्रिल महिन्यांत, कर्नल मॅक्डोवेलच्या इंग्रजी फौजेपुढें त्र्यंबक पडला. त्यासरशीं जे 17 किल्ले इंग्रजांच्या हवालीं झाले, त्यांपैकीं हरिहर एक. त्या वर्षीं कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्यानें हे किल्ले पाहून त्यांची टिपणें केलीं. तोफा आणि तट यांची मोजदाद करणारा हा माणूस हरिहरच्या जिन्यापुढें मात्र थबकला. त्याच्या अंदाजानें पहिलाच टप्पा 200 फुटांचा होता. आणि भिंतीस लावलेल्या शिडीवांचून दुसरी उपमा त्यास सुचली नाहीं.

विजेत्यांस या जिन्यांचें महत्त्व पुरतें उमजलें होतें, याची खूण अन्य गडांवर आहे. कळसूबाईच्या रांगेंतील अलंग व मदन या गडांच्या कातळांतील पायऱ्या सुरुंगानें उडविण्यांत आल्या. तट पाडला तर पुन्हां रचतां येतो, दरवाजा मोडला तर दुसरा बसवितां येतो. पण कड्याच्या अंगांतून तासलेली पायरी एकदां गेली, कीं ती कोणालाही परत जोडतां येत नाहीं. पायऱ्या गेल्या आणि ते गड लढाईच्या कामांतून कायमचे बाद झाले. आज अलंग-मदनवर जातांना ज्या ठिकाणीं दोर लावून कातळ चढावा लागतो, तें ठिकाण निसर्गानें अवघड केलेलें नाहीं. तुटलेल्या जिन्याची ती रिकामी जागा आहे. गिर्यारोहक ज्याला थरार म्हणतो, तो तेथें एका पराभवाचा अवशेष आहे.

हरिहरचा जिना मात्र शाबूत राहिला आणि काळाच्या ओघांत त्याचा अर्थ पालटला. 1975 सालीं एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून शिखर गांठणारे इंग्रज गिर्यारोहक डग स्कॉट यांनीं 1986 मध्यें याच गडाचा एक उभा कडा सर केला. तो कडा पुढें स्कॉटिश कडा म्हणूनच ओळखला जाऊं लागला. ज्यांच्या पूर्वजांनीं गड हिरावून घेतले, त्यांच्यापैकींच एकजण केवळ चढण्याच्या आनंदासाठीं तेथें आला, यांत काळाची गंमत आहे.

परंतु आज या जिन्यापुढें एक नवें संकट उभें आहे, आणि तें शत्रूचें नव्हे. पावसाळ्यांतील रविवारीं येथें चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकच दाटी होते. गर्दी थोपविण्यासाठींच कोरलेल्या वाटेवर गर्दी लोटावी, हा विपरीत प्रकार होय. शेवाळलेल्या पायरीवर वरच्याचा पाय निसटला, तर खालच्या साऱ्या ओळीवर प्रसंग ओढवतो. जाणते लोक सांगतात, कीं दोन हात आणि दोन पाय या चार आधारांपैकीं तीन नेहमीं खडकावर असावेत, एका वेळीं एकच हलवावा. आणि उतरतांना तोंड दरीकडे न करतां कातळाकडे करावें. पण हें सारें साधावयास मागेंपुढें मोकळी जागा लागते. उतरणारा पूर्ण खालीं येईपर्यंत चढणाऱ्यानें पायथ्याशीं थांबणें आणि पायऱ्यांवर पाऊस वाहत असेल त्या दिवशीं माथ्याचा मोह सोडून पदरावरूनच परतणें, यांत कमीपणा कांहींच नाहीं.

झिजलेली खोबण पुन्हां भरतां येत नाहीं, हें अलंग-मदनच्या उदाहरणावरून कळून चुकलेंच आहे. सुरुंगाच्या तावडींतून सुटलेला हा जिना हौसेच्या दाटीखालीं खर्ची पडूं नये, असें वाटत असेल, तर त्यानें शत्रूस घालून दिलेला नियम आतां पाहुण्यांनींही पाळला पाहिजे: येथें एका वेळीं एकानेंच यावें.